ओटीतली बरणी

सखुबाईच्या गुलकंदाला नावं ठेवायची मखमलाबादकडच्या त्या वस्तीवर कुणाची छाती नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं तर ती हसून ऐकून घ्यायची, भाकरी करपली तर दोष चुलीला द्यायची. पण गुलकंदाबद्दल कुणी ब्र काढला तर त्याची खैर नसे. वस्तीवरच्या कुठल्याही सुनेला दिवस गेले की आधी चोरओटीला आणि मग डोहाळजेवणाला, खण-नारळाबरोबर सखुबाईची चिनी मातीची बरणी त्या पोरीच्या ओटीत पडायचीच. बाकीच्या बाया ओटी भरून, कुंकू लावून मागे सरकायच्या. सखुबाई मात्र पोरीची हनुवटी धरून बजावायची, "सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. पित्त व्हायचं नाय, अन् लेकरू असं हुशार निपजंल का मास्तर हात जोडंल."

पुरावा मागायची सोय नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला! थोरली लेक मंजुषा हिला नऊ महिने हाच गुलकंद खाऊ घातला होता, आणि तिचा ज्ञानेश आता पावकी-निमकीसुद्धा धडाधड म्हणायचा. आलागेला पाहुणा ते ऐकल्याशिवाय सुटत नसे.

मंजुषाच्या वेळचा गुलकंद विहिरीजवळच्या गावठी गुलाबाचा होता. फिकट गुलाबी फूल, हात लावला की पाकळ्या गळायच्या आणि वास अंगणभर जायचा. पुढे तिथे फुलं बांधायची शेड उभी राहिली आणि ते झाड गेलं. सखुबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचार केला, मळा गुलाबाने लाल झालाय आणि आपण एका झाडासाठी रडत कशाला बसायचं? त्या वर्षापासून मळ्यातल्या लाल गुलाबाचा गुलकंद होऊ लागला. बाजारात चालते ती घट्ट कळी. पूर्ण उमललेलं फूल व्यापारी घेत नाही. ती उमललेली फुलं सखुबाई पाटीभर वेचून आणायची आणि पाकळ्या सोडवून, खडीसाखरेचे थर देऊन बरण्या पत्र्यावर उन्हात ठेवायची. लाल गुलाबाला वास कमी, म्हणून ती वेलदोडा सढळ हाताने घालायची. चव तीच लागते, असं ती स्वतःला आणि दुसऱ्यांना ठणकावून सांगायची. रंग तर पहिल्यापेक्षाही देखणा यायचा.

धाकटी लेक सायली गंगापूर रोडला राहायची. ती बँकेत, नवरा अमोल औषध कंपनीत. पहिल्या खेपेला तिने बरणीमागून बरणी संपवली होती, आता दुसऱ्या खेपेला सातवा लागला होता आणि बरण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. आईच्या हातचं एवढंच काय ते तिच्या पोटात टिकायचं.

घोडं पेंड खात होतं ते सार्थकपाशी. सायलीचा हा पहिला मुलगा साडेचार वर्षांचा झाला तरी जेमतेम तीन शब्द बोलायचा. आई, पाणी, आणि गुकं. गुकं म्हणजे गुलकंद. पोळीला लावून तो त्याला रोज लागायचा. तिसरा शब्द आपला आहे याचा सखुबाईला केवढा अभिमान! हाक मारली तर मात्र तो वळून बघत नसे. खेळण्यातली गाडी उलटी करून तिचं चाक फिरवत बसायचा, तासन् तास.

"बोलंल कसं?" सखुबाई येताजाता लेकीला सुनवायची. "आई दिसभर बँकेत अन् पोरगं मोबाइलात. आमची लेकरं काय बोलली नाय व्हय? चांगली तोंडाळ निघाली."

सायली खाली मान घालून ऐकून घ्यायची. तिचंही मन तिला तेच सांगत होतं. एकदा ती सार्थकला कुशीत घेऊन नुसतीच रडली, तेव्हा सखुबाईला वाटलं, आपलं बोलणं लागलं हे बरंच झालं.

अमोलने कुठून कुठून विचारून गंगापूर रोडवरच्याच एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मुलांच्या वाढीच्या, मेंदूच्या तज्ज्ञ होत्या म्हणे. त्या दिवशी नेमकी त्याला सुट्टी मिळेना, म्हणून सायलीच्या सोबतीला सखुबाई गेली. जाताना पिशवीत दोन बरण्या घेतल्या. एक लेकीला आणि एक डॉक्टरीणबाईंना. देवाकडे आणि डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असा तिचा साधा हिशेब.

डॉक्टरीणबाई घाईच्या नव्हत्या. सार्थकला त्यांनी कोपऱ्यातल्या चटईवर ठोकळे दिले आणि त्याच्याकडे बघत बघत सायलीला विचारत राहिल्या. दिवस गेले तेव्हा काही ताप? कुठली औषधं? घराला नवा रंग वगैरे? राहायला कुठे होतात?

"इथेच. सातव्यानंतर माहेरी," सायली म्हणाली. "मखमलाबादला. आमचा गुलाबाचा मळा आहे."

"गुलाब." डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "म्हणजे फवारणी बरीच होत असेल."

इथे सखुबाईला बोलायलाच हवं होतं. आपल्या घराला कुणी अडाणी समजतंय, हे तिला खपण्यासारखं नव्हतं.

"बाई, ते आमाला समजतं बरं का," ती खुर्चीत पुढे सरकली. "औषध मारायचं आसलं का पोरीला आठ-आठ दिस मळ्यात पाऊल टाकू देत नाय आमी. तिच्या खोलीची खिडकी बंद. तिच्या बापाचे फवारणीचे कपडे म्या येगळ्या बादलीत धुते. ती बादली तिच्या कपड्यास्नी कधी लागू दिली नाय. बाजारची भाजीसुदिक मिठाच्या पाण्यातून काढून देते. लेकीच्या बाबतीत आमची हयगय नाय."

"फार छान करता, आजी," डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. "इतकं कुणी करत नाही."

सखुबाईचा जीव सुपाएवढा झाला. हीच वेळ, असं समजून तिने बरणी काढली, फडकं सोडलं, आणि टेबलावरच्या कपबशीतला चमचा घेऊन त्यावर लालभडक, मधासारखा ओघळणारा गुलकंद काढला. "घ्या. तोंड गोड करा. बाजारचा नाय, घरचा हाय."

डॉक्टरीणबाईंनी हसत चमचा घेतला. तो ओठांपाशी नेला आणि तिथेच थांबवला.

"घरचा म्हणजे? गुलाब कुठले?"

"आमच्याच मळ्यातले की."

"ज्याच्यावर फवारणी होते ते?"

"तेच. दुसरे कुठून आणू?"

"आणि पाकळ्या किती वेळा धुता?"

सखुबाईला या प्रश्नाचं हसू आलं. शिकलेल्या बायांना स्वयंपाकातलं काही कळत नाही, हे तिचं जुनं मत होतं. "धुऊन कसं चालंल, बाई? पाण्याचा थेंब लागला का बुरशी धरती. पाकळी कोरडी ठणठणीतच पायजे. धुतलेला गुलकंद वर्षभर टिकत नाय."

"फवारल्यावर किती दिवसांनी तोडता?"

"भाजीला दिस पाळतो आमी. टोमॅटो, वांगी, समदं दिस पाळून तोडतो. फुलाला कसले आले दिस?" आणि मग मळ्यात तिचा नवरा भिमाजी ज्या थाटात म्हणायचा त्याच थाटात ती म्हणाली, "फूल कोण खातं?"

शब्द तोंडातून गेले. खोलीत पंखा फिरत होता. समोर चमचा होता, चमच्यात फूल होतं, आणि फूल कोण खातं ते शेजारच्या खुर्चीवर पोटावर हात ठेवून बसलं होतं.

ऐकलं ते आपणच बोललो की दुसरं कुणी, हे सखुबाईला क्षणभर समजेना. तिने सायलीकडे पाहिलं. सायली आईकडे बघत नव्हती, बरणीकडे बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी चमचा बशीत ठेवला. मग त्या हळू आवाजात समजावू लागल्या. फवारणीचं हे औषध किड्याच्या नसांवर काम करतं, म्हणून किडा थरथरून मरतो. माणूस मोठा, थोड्या औषधाने त्याला काही होत नाही. आईला तर कळतही नाही. पण पोटातल्या बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो, एकेक नस जोडली जात असते. त्या दिवसांत रोज थोडं थोडं गेलं तर बाळाचं नुकसान होऊ शकतं.

"म्हणजे सार्थकचं हे..." सायली म्हणाली.

"याच्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. मुलं उशिरा बोलण्याची खूप कारणं असतात. तपासण्या करू, मग बघू."

"पण नाही झालं, असं म्हणाल?"

"नाही. तसंही नाही म्हणता येणार. एक मात्र नक्की सांगते, सायली. आजपासून बंद. आजपासून थांबवलं तरी पोटातल्या बाळाला त्याचा उपयोग आहे."

तेवढ्यात सार्थक चटईवरून उठला. हाकेला न वळणारं ते पोरगं, पण फडकं सुटल्याचा वास त्याला बरोबर लागला होता. तो टेबलाला येऊन टेकला, आजीकडे बघून त्याने चिमणीच्या पिलासारखा आ वासला आणि स्पष्ट म्हणाला, "गुकं."

आणि सखुबाईचा हात उठला. इतकं ऐकून, समजून, काळीज फाटूनही हात उठला, कारण नातवाने तोंड उघडलं की त्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. तिने बशीतला चमचा उचलून त्याच्या तोंडाकडे नेला.

"आई!" सायली किंचाळली. तिने फटका मारला तसा चमचा उडाला, पांढऱ्या फरशीवर लाल डाग पडला. सार्थक त्या डागाकडे बघत भोकाड पसरून रडू लागला.

परतताना रिक्षात सार्थक हुंदके देत आईच्या मांडीवर झोपून गेला. सायलीच्या दारापाशी रिक्षा थांबली तेव्हा सखुबाई म्हणाली, "सायले, बोल काहीतरी. शिव्या दे, पण बोल."

सायलीने शिव्या दिल्या नाहीत. झोपलेल्या पोराला खांद्यावर घेत ती एवढंच म्हणाली, "माझ्या नोकरीमुळे झालं, म्हणायचीस तू. वर्षभर मला तेच खरं वाटत होतं, आई." आणि जिना चढून गेली. सखुबाईला वर ये, असं काही ती म्हणाली नाही.

सखुबाई वस्तीवर परतली. शेडमध्ये भिमाजी कळ्यांच्या गड्ड्या बांधत बसला होता. शेजारी, रोजच्याप्रमाणे, उमललेल्या फुलांचा ढीग बाजूला काढलेला होता. ती त्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली.

"काय म्हणला डॉक्टर?" भिमाजीने विचारलं.

"औषध कधी मारलं व्हतं ह्या फुलांवर?"

"परवा. लाल कोळ्याची कीड लय झालीय औंदा. का गं?"

"मागल्या टायमाला? सायलीच्या पहिल्या खेपंला? तवाबी आसंच परवा-तेरवा मारायचे?"

"हां मग! गुलाबाला आठवड्याला मारावंच लागतं, नायतर येतं काय हातात?" त्याने दोरा दातांनी तोडला. "अन् हे बघ, तो ढीग उकिरड्यावर टाक, पण गोठ्याकडं नेऊ नको. त्या चंद्रीचं ध्यानात हाय ना?"

चंद्रीचं ध्यानात होतं. सायलीच्या लग्नाआधीची गोष्ट. गाय दावं तोडून असाच ढीग खाऊन बसली. तोंडाला फेस आला, चारी पाय थरथरायला लागले आणि डॉक्टर येईपर्यंत तिने मान टाकली. औषधाची फुलं तिला भोवली, असं डॉक्टर म्हणाला होता. तेव्हापासून भिमाजीचा कायदा होता, गुलाबाची पाकळी गोठ्यात जायची नाही, आणि सखुबाईने तो कडक पाळला होता. त्या वेळी तिला काही सुचलं नाही, कारण गोठ्यातली गोष्ट गोठ्यातली आणि स्वयंपाकघरातली स्वयंपाकघरातली. मध्ये अंगण होतं, आणि ते अंगण तिच्या मनाने कधी ओलांडलं नव्हतं. गाईने तर ढीगच्या ढीग खाल्ला होता, आणि बरणीतलं सगळं वाईट साखरेत अन् उन्हात मरून जातं, असं ती धरून चालली होती.

"नाय टाकली," ती म्हणाली. "एक पाकळी गोठ्यात टाकली नाय म्या. लेकीला खाऊ घातल्या."

भिमाजीच्या हातातली गड्डी तशीच राहिली. सखुबाईने जे झालं ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकसारखा येत होता, जणू दुसऱ्याच्या घरचं सांगतेय.

"मला वाटलं तू माहेराहून गावठी गुलाब आणत आसशीन," तो म्हणाला.

"तुमच्या डोळ्यांदेखत पाट्या भरून नेल्या म्या."

"मग धूत आसशीन, आसं वाटलं..."

"अन् मला वाटलं, काय वंगाळ आसतं तर तुमी बोलला आसता."

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणी कुणाला काय म्हणायचं? भिमाजीने तोंडावर उपरणं ओढून घेतलं आणि त्याचे खांदे हलू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात सखुबाईने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. पण बसली नाही, कारण उन्हं उतरून पत्र्यावरच्या बरण्या चमकत होत्या आणि ती त्या मोजू लागली. पत्र्यावर होत्या त्या फुटतील. पण गेल्या त्या?

उज्वला! शेजारच्या विमलाबाईची सून. पाचवा महिना चालू. चोरओटीला सगळ्यात मोठी बरणी तिच्याच ओटीत घातली होती, कारण पोर किडकिडीत.

सखुबाई वाटेत चपला सुटल्या तरी थांबली नाही.

विमलाबाई देवापुढे दिवा लावून नुकतीच ओट्यावर आली होती. "सखू, अशी अनवाणी का? सायली बरी हाय ना?"

"इमल, ती गुलकंदाची बरणी परत दे."

"कंची बरणी?"

"उज्वलाच्या ओटीत घातलेली."

विमलाबाईचे डोळे मोठे झाले. "ओटीतलं? पोटुशीच्या ओटीतलं परत मागतीस? अन् तेबी दिवेलागणीला?" तिने दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावले, जणू लक्ष्मी बाहेर निघालीय आणि तिला अडवायचंय. "याड लागलं का तुला? आगं, वैरीण बी आसं करत नाय!"

खरंच होतं. भरलेल्या ओटीला पुन्हा हात लावायचा नसतो. तसं केलं तर पोटातल्या जिवावर उठल्यासारखं होतं, हे सखुबाईनेच वस्तीवरच्या किती पोरींना शिकवलं होतं. आता तिला सांगायचं होतं की पोटातल्या जिवावर मी ओटी भरली तेव्हाच उठले होते. पण ती नुसती हात पुढे करून उभी राहिली, भिकाऱ्यासारखी.

आतून उज्वला आली. महिन्याभरात अंगाने चांगली भरली होती, गालांवर तेज आलं होतं. तिच्या हातात बरणी होती, घासून लख्ख केलेली.

"मावशी, लय बरं झालं तुम्ही आल्या! मी सकाळीच येणार होते." तिने बरणी सखुबाईच्या पुढे केलेल्या हातात ठेवली. बरणी जड लागली. सखुबाईचा जीव भांड्यात पडला. खाल्ला नाही पोरीने! तिने घाईने झाकण काढलं.

आत साखर होती.

"रिकामी बरणी परत द्यायची नसती ना, म्हणून भरली," उज्वला लाजत म्हणाली. "गुलकंद कवाच संपला. तुम्ही दोन-दोन चमचे सांगितलं होतं, मी तर चार-चार खाल्ले. म्हटलं, ज्ञानेशपेक्षा हुशार व्हायला पाहिजे." तिने पदर पुढे धरला. "दुसरी भरून द्याल ना, मावशी?"

सखुबाई ओट्यावरच बसली. विमलाबाई अजून चौकट धरून उभी होती, पोरगी पदर पसरून उभी होती, आणि सखुबाईने जी हनुवटी धरून हुकूम सोडला होता, तिच्याकडे बघायचीही तिला आता ताकद नव्हती. पण सांगायला तर हवं होतं. उज्वलाला, आणि तिच्याआधी ज्या ज्या पोरींच्या ओटीत ती बरणी पडली होती त्या सगळ्यांना, दारोदार.

"बस, बाळा," ती म्हणाली. "इमल, तूबी बस. सायलीच्या सार्थकला बोलता का येत नाय, ते सांगाया आले मी."